लेथवर फिनिश येत नाही? टूल बदलण्याआधी जॉबवरच्या खुणा वाचा



या वेळचा व्हिडिओ लेथच्या फिनिशवर आहे. व्हिडिओत आकडे पटापट निघून जातात, म्हणून तेच इथे सावकाश लिहितोय. खामगाव, चिखली, मेहकर, मलकापूर कुठेही असा, तुम्ही एक लेथ, एक वेल्डिंग मशीन आणि एक ड्रिल घेऊन वर्कशॉप टाकायचा विचार करत असाल, तर हा लेख शेवटपर्यंत वाचा. जॉबवर्कच्या धंद्यात पैसा कुठून गळतो हे बऱ्याच जणांना दोन वर्षांनी कळतं.

लेथवरून उतरलेला शाफ्ट हातात घेतला की गिऱ्हाईक काय करतं? मायक्रोमीटर काढत नाही. अंगठ्याचं नख आडवं फिरवतं. खरखर लागली की तोंड वाकडं होतं आणि ठरलेल्या रकमेतून पन्नास-शंभर रुपये कमी होतात. ते पन्नास-शंभर जाऊ द्या. खरं नुकसान पुढे होतं.

आपल्या जिल्ह्यातलं रोजचं काम घेऊ. सोयाबीनच्या मळणी यंत्राचा शाफ्ट. दोन्ही टोकांना ३५ मि.मी.ची बेअरिंग बसतात. बेअरिंग शाफ्टवर जरा घट्ट बसावं म्हणून सीट ३५.००२ ते ३५.०१८ मि.मी. या मापात ठेवतात. म्हणजे खेळायला जागा किती? सोळा मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

आता समजा तुम्ही ०.२ मि.मी. फीड लावला आणि टूलच्या नाकाची गोलाई ०.४ मि.मी. आहे. टूल पुढे सरकताना जॉबवर बारीक आट्यासारख्या रेघा सोडतं. त्या रेघांची उंची काढायचं गणित सोपं आहे: फीडचा वर्ग, भागिले नाकाच्या गोलाईची आठपट. ०.०४ भागिले ३.२, म्हणजे ०.०१२५ मि.मी. साडेबारा मायक्रॉन. ही एका बाजूची. व्यासात ती दोन्ही बाजूंनी मोजली जाते, म्हणजे पंचवीस मायक्रॉन.

मायक्रोमीटर बसतो रेघांच्या शेंड्यांवर. तो तुम्हाला ३५.०१५ दाखवतो, तुम्ही खूश. खोबणीतला व्यास मात्र ३४.९९० आहे! बेअरिंग ठोकून बसवलं की शेंडे चेपतात, पकड जाते आणि आतली रिंग शाफ्टवर हळूहळू सरकायला लागते. दिवाळीच्या तोंडावर, ऐन मळणीत, शेतकरी तुमच्या दारात उभा: "काहून भाऊ, शाफ्ट तं नवाच टाकला होता ना?" तुमचं माप बरोबर होतं. फिनिश नव्हतं. आणि सीझनमध्ये बंद पडलेल्या थ्रेशरचा मालक ही गोष्ट गावात दहा जणांना सांगतो.

ऑइल सील बसतं तिथे तर आणखी गंमत आहे. टर्निंगच्या रेघा स्क्रूसारख्या तिरप्या चालतात. शाफ्ट फिरला की त्या रेघा तेलाला बाहेर ढकलतात, सील नवं असलं तरी. म्हणून सीलच्या जागेवर टर्निंग करून सोडून देत नाहीत. तिथे ग्राइंडिंग करतात. नाहीतर निदान शाफ्ट फिरता ठेवून बारीक पॉलिश पेपर एका जागी धरतात, पुढे-मागे सरकवत नाहीत, म्हणजे नवी तिरपी रेघ पडत नाही.

हे झालं "का". आता फिनिश बिघडल्यावर काय करायचं?

बहुतेक पोरं काय करतात: टूल काढतात, ग्राइंडरवर घासतात, आरपीएम बदलतात, फीड बदलतात, सगळं एकदम. फिनिश सुधारलं तर कशामुळे सुधारलं ते कळत नाही. उद्या पुन्हा तीच कसरत. त्याऐवजी मशीन थांबवा, जॉब उजेडात धरा, नीट बघा. प्रत्येक बिघाडाची खूण वेगळी असते.

रेघा एकसारख्या, स्वच्छ, चमकदार आहेत, पण नखाला लागतात? मग मशीनला काही झालेलं नाही. हा फक्त फीड आणि नाकाच्या गोलाईचा हिशोब आहे. फीड ०.२ वरून ०.१ केला की रेघेची उंची निम्मी होत नाही, पाव होते: साडेबारावरून साधारण तीन मायक्रॉन. फीड ०.२ च ठेवून नाक ०.४ ऐवजी ०.८ चं घेतलं तर सव्वासहा. बाजारातल्या कार्बाइड टिपच्या डबीवर सीसीएमटी ०९टी३०४ असं काही लिहिलेलं असतं. त्यातले शेवटचे दोन आकडे म्हणजे नाकाची गोलाई. ०४ म्हणजे ०.४, ०८ म्हणजे ०.८. दुकानदार "घ्या हो, सगळ्या सारख्याच" म्हणाला तरी डबी वाचूनच घ्या.

मग थेट मोठ्या नाकाची टिप का नको? कारण नाक जितकं मोठं, तितकं टूल जॉबला बाजूला ढकलतं. जुन्या, हलक्या लेथवर लगेच थरथर सुरू होते. लहान वर्कशॉपच्या मशीनवर ०.४ ची पॉझिटिव्ह टिप आणि कमी फीड हेच जास्त जमतं, असं माझं मत आहे.

आता दुसरी खूण. पृष्ठभाग फाटल्यासारखा, खवल्यासारखा, मळकट दिसतो. मध्येच ओरखडे, मध्येच चमकदार ठिपके. ही तक्रार माइल्ड स्टीलवर सगळ्यात जास्त येते आणि याचं कारण टूलच्या टोकावर सापडतं. टोक भिंगाखाली बघा. धारेवर लोखंडाचा बारीक गोळा चिकटलेला दिसेल. कट मारताना मऊ लोखंड धारेला चिकटतं, तो गोळाच कापायला लागतो, मग तुटतो, जॉबवर घासून जातो, पुन्हा नवा चिकटतो. तुम्ही टूलला दोष देता, आणि टूलला तर जॉब शिवतच नाहीये.

हे होतं मधल्या वेगाला. आणि इथेच आपल्याकडच्या वर्कशॉपचा खरा पेच आहे. कार्बाइड टिपला माइल्ड स्टीलवर मिनिटाला शंभर-सव्वाशे मीटर वेग लागतो. वर्कशॉपमधलं तोंडी गणित लक्षात ठेवा: वेग गुणिले ३२०, भागिले व्यास, म्हणजे आरपीएम. ४० मि.मी.च्या शाफ्टला १२० मीटर हवे असतील तर ९६० आरपीएम. तुमच्या बेल्टवाल्या जुन्या लेथला एवढा वेग आहे का? बऱ्याचदा नसतो. मग कार्बाइड टिप तीन-चारशे आरपीएमवर चालते, म्हणजे नेमकी लोखंड चिकटणाऱ्या वेगात. महागडी टिप आणि वाईट फिनिश!

अशा मशीनवर साधं एचएसएस टूल लाजायची गोष्ट नाही. ३० मीटर वेग धरला तर त्याच ४० मि.मी.च्या शाफ्टला २४० आरपीएम पुरतात. टूलला वरून चांगला उतार द्या, ग्राइंडरनंतर ऑइलस्टोनवर धार आणि नाक घासून घ्या, आणि कट चालू असताना कटिंग ऑइल किंवा सोल्यूबल ऑइल सतत सोडा. ग्राइंडरवरून थेट आलेल्या धारेवर दाते असतात, ते दाते जॉबवर छापले जातात. दोन मिनिटं ऑइलस्टोन मारायचा आळस करू नका.

चिप्सचा रंगही बघत जा. एचएसएसवर चिप निळी पडली तर वेग जास्त झाला, धार जळणार. कार्बाइडवर पिवळसर-निळी चिप चालते. आणि लांबच लांब सुतळीसारखी चिप जॉबला गुंडाळत असेल तर तीच जॉबवर ओरखडे पाडते. ती हाताने ओढू नका. मशीन थांबवा, हुकाने काढा.

कार्बाइडवाल्यांची आणखी एक सवय महागात पडते: शेवटचा कट अगदी केसाएवढा ठेवायचा. टिपची धार एचएसएससारखी तीक्ष्ण नसते, किंचित बोथट केलेली असते. ०.०५ मि.मी.चा कट दिला तर ती कापत नाही, घासते. ढोबळ हिशोब असा की कटची खोली नाकाच्या गोलाईच्या दोन तृतीयांश तरी हवी. ०.४ च्या टिपला साधारण पाव मि.मी. खोली, म्हणजे व्यासात अर्धा मि.मी. माल फिनिशिंगसाठी राखून ठेवा. आधीच रफ कटमध्ये सगळं खाऊन टाकलं तर शेवटी टिप काय कापणार?

तिसरी खूण कानाला आधी कळते. मशीन घरघरतं, किंचाळतं आणि जॉबवर लाटा उमटतात, कधी पालीच्या कातडीसारखी नक्षी. हे चॅटरिंग. इथे एक उलटी गोष्ट आहे. किंचाळणं सुरू झालं की माणूस घाबरून फीड कमी करतो. त्याने बऱ्याचदा वाढतंच. आधी आरपीएम कमी करा आणि फीड किंचित वाढवा. टूलला चावायला माल मिळाला की ते शांत होतं.

तेवढ्यानं थांबलं नाही तर ढिलेपणा शोधा, टूलपासून सुरुवात करून. टूल पोस्टाबाहेर किती आलंय? बाहेर आलेली लांबी दुप्पट झाली तर टूलचं वाकणं आठपट होतं. म्हणून दांड्याच्या उंचीच्या दीडपटीपेक्षा जास्त बाहेर काढू नका. मग टूलची उंची. स्टीलची पट्टी टूलच्या टोकात आणि गोल जॉबमध्ये हलकेच दाबून धरा. पट्टी सरळ उभी राहिली तर टूल सेंटरला आहे. पट्टीचं वरचं टोक तुमच्याकडे झुकलं तर टूल खाली, पलीकडे झुकलं तर वर. वर असलेलं टूल घासतं, खाली असलेलं रुततं. आणि पॅकिंगला हॅक्सॉ ब्लेडचे पाच तुकडे एकावर एक ठेवण्यापेक्षा एकच जाड सपाट पट्टी ठेवा. तुकडे स्प्रिंगसारखे दबतात.

पुढे जॉब. नुसत्या चकमध्ये धरलेला जॉब व्यासाच्या तिप्पट-चौपट बाहेर आला की टेलस्टॉक लावायचाच. दोन्हीकडे धरूनही लांबी व्यासाच्या दहा-बारापट असेल तर स्टेडी. चकजवळ फिनिश छान आणि मधोमध लाटा, असं दिसलं तर दुसरीकडे शोधूच नका, जॉब मध्ये लवतोय. रिव्हॉल्व्हिंग सेंटर हाताने हलवून बघा, त्याचं बेअरिंग गेलं असेल तर सगळी मेहनत पाण्यात. क्रॉस स्लाइड आणि कंपाउंडच्या जिबचे स्क्रू आवळा, स्लाइड जड पण सलग सरकली पाहिजे. कंपाउंडचं काम नसेल तर ते शक्य तितकं मागे घेऊन घट्ट करा.

शेवटी स्पिंडल. डायल इंडिकेटर चकला टेकवा, लाकडी दांड्याने चक वर उचलायचा प्रयत्न करा. काटा दोन-तीन शतांश मि.मी.हून जास्त हलला तर बेअरिंग आवळायला किंवा बदलायला झालं. जुन्या सपाट पट्ट्याच्या लेथवर पट्ट्याचा सांधा हाही एक चोर आहे. प्रत्येक फेरीत सांधा पुलीवर टपकतो आणि जॉबवर ठरावीक अंतराने पट्टा उमटतो. अंतर एकसारखं आहे, पण फीडशी जुळत नाही, तर सांधा बघा, पुली बघा, गिअरचा तुटका दात बघा.

दोष मशीनचा की मालाचा, हे ठरत नसेल तर एक तुकडा पितळेचा वर्कशॉपमध्ये राखून ठेवा. तोच सेटिंग, तोच कट पितळेवर मारा. पितळेवर स्वच्छ आलं आणि जॉबवर फाटलं, तर टूल, वेग किंवा माल. पितळेवरही लाटा आल्या, तर मशीन. पाच मिनिटांचं काम आहे, आणि अर्धा दिवस वाचतो.

मालाबद्दल दोन शब्द जास्त लिहावे लागतील, कारण आपल्याकडे नवा बार कमी आणि भंगारातला माल जास्त. ट्रकच्या जुन्या एक्सलमधून पिन आणि शाफ्ट बनवतात. त्याची वरची कातडी बऱ्याचदा कडक केलेली असते, तिथे एचएसएस टूल क्षणात बोथट होतं. पहिला कट कार्बाइडनेच मारा, आणि कातडीच्या खाली जाईल एवढा खोल मारा.

दुसरं म्हणजे वेल्डिंगने भरलेला शाफ्ट. झिजलेली बेअरिंग सीट वेल्डिंगने भरायची आणि लेथवर मापात आणायची, हे काम जिनिंगवाल्यांपासून रोटाव्हेटरवाल्यांपर्यंत सगळ्यांचं येतं. खामगावचा कापूस तर जुना, १८७० मध्ये जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठीच. जिथे जिनिंग, तिथे शाफ्ट झिजणार. ईएन-८ सारख्या पोलादात कार्बन साधारण ०.४ टक्के असतो. असा शाफ्ट वेल्डिंग करून घाईत पाणी ओतून गार केला की भरलेल्या जागेलगत कडक पट्टा तयार होतो. मग टूल मऊ, कडक, मऊ, कडक असं उड्या मारत चालतं आणि फिनिश कधीच सारखं येत नाही. वर शाफ्ट तिथेच तडकायची भीती वेगळी. लो-हायड्रोजन रॉड वापरा, भरण्याआधी शाफ्ट जरा तापवा, नंतर चुन्यात किंवा राखेत पुरून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी लेथवर घ्या. "आजच पाहिजे" म्हणणाऱ्याला हे समजावून सांगा. बहुतेक जण ऐकतात, कारण पुन्हा खोलायचा खर्च त्यांना माहीत असतो.

बिडाची पुली कोरडीच कापा. ॲल्युमिनियमला थोडं रॉकेल किंवा डिझेल लावलं की चिकटत नाही. स्टेनलेस स्टीलवर टूल घासत ठेवू नका, घासलं की वरचा थर कडक होतो. फीड चालू ठेवा, थांबायचं असेल तर टूल मागे घ्या.

पॉलिश पेपरबद्दल एक ताकीद. पेपर फिनिश लपवतो, सुधारत नाही. लाटांवर मारला तर लाटा चमकतात, एवढंच. आणि पेपर बोटाला गुंडाळून फिरत्या जॉबवर कधीच धरायचा नाही, हातमोजे घालून तर नाहीच नाही. पट्टीवर लावून धरा, बाह्या वर करा. खाली बेडवर कागद अंथरा, नाहीतर पेपरची वाळू बेड खाते आणि दोन वर्षांनी तुम्हीच मला विचारता, फिनिश का येत नाही.

आता धंद्याचं बोलू. चांगलं फिनिश वेळ खातं, आणि वेळ म्हणजे तुमचं वीजबिल आणि मजुरी. ६०० मि.मी.चा शाफ्ट, २४० आरपीएम, ०.१ फीड: मिनिटाला २४ मि.मी., म्हणजे एका फिनिश कटला २५ मिनिटं. पण सगळ्या शाफ्टला हे फिनिश कोणी मागितलंय? बेअरिंगच्या दोन सीट ४०-४० मि.मी. धरा. फक्त त्या ८० मि.मी.ला ०.१ फीड दिला तर साडेतीन मिनिटांच्या आत काम होतं. उरलेले ५२० मि.मी. ०.२५ फीडने नऊ मिनिटांत. एकूण बारा-साडेबारा मिनिटं, म्हणजे निम्मा वेळ, आणि बेअरिंगही टिकतं.

यासाठी जॉब घेतानाच विचारायचं: "दादा, इथे काय बसणार? इथे सील आहे का? हा भाग उघडाच राहणार ना?" हे तीन प्रश्न पावतीच्या मागे लिहून ठेवा. जो टर्नर हे विचारतो त्याच्याकडे गिऱ्हाईक भाव करायला जरा कचरतं, हे मी खूपदा बघितलंय. दरही दोन सांगा, साधा टर्निंगचा वेगळा आणि बेअरिंग-सील सीटचा वेगळा. एकच दर ठेवला की तुम्ही नकळत सगळीकडे तेच वाईट फिनिश द्यायला लागता.

माणूस ठेवताना आयटीआयचा टर्नर ट्रेड केलेला पोरगा मिळाला तर उत्तम, दोन वर्षांत त्याने टूल घासणं आणि माप घेणं शिकलेलं असतं. मुलाखतीत प्रमाणपत्र बघा, पण एक बोथट एचएसएस टूल हातात द्या आणि धार लावायला सांगा.

आणि ज्यांनी अजून लेथ घेतलेला नाही त्यांच्यासाठी. जुना लेथ वाईट नसतो. हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करने १९४१ पासून लेथ बनवले, त्यातले आणि एचएमटीचे जुने भारी बेडचे लेथ नीट सांभाळलेले असतील तर नव्या हलक्या मशीनपेक्षा चांगलं फिनिश देतात. पण रंग बघून पैसे देऊ नका. जाताना पिशवीत ४० मि.मी.चा फूटभर माइल्ड स्टीलचा बार, स्वतःचं धार लावलेलं टूल, मायक्रोमीटर आणि डायल न्या. टेलस्टॉक न लावता चकबाहेर १०० मि.मी. बार ठेवा, हलका कट मारा. चकजवळ आणि टोकाला व्यास मोजा. मग बेडवर चकच्या समोरच्या भागात बोट फिरवा, रोजचं काम तिथेच होतं म्हणून झीजही तिथेच असते. डायल लावून चक उचलून बघा. लाटा आल्या आणि डायलही हलला, तर स्पिंडलच्या बेअरिंगचा भाव अकोल्यात किंवा जळगावात फोन करून आधी काढा, बसवायची मजुरी त्यात धरा आणि मगच मशीनची किंमत बोला. विकणारा कट मारून दाखवायला तयार नसेल, तर चहा घ्या आणि परत या.

मशीन आणल्यावर ती फरशीवर नुसती ठेवू नका. काँक्रीटचा पाया, लेव्हल बघून खाली पॅकिंग, बोल्ट. नाहीतर बेड पिळतो आणि महिनाभर तुम्ही टूलच बदलत बसता. व्होल्टेज पडत असेल तर मोटर कटखाली दबते आणि फिनिश बदलत राहतं, तेव्हा फिनिशिंगचे जॉब पुरवठा स्थिर असेल त्या वेळेला लावा.

पुढच्या व्हिडिओत आटे पाडणं घेतोय. त्याआधी आपल्या मशीनवर ती स्टीलच्या पट्टीची टेस्ट करून बघा, टूल सेंटरला आहे की नाही ते तरी कळेल.